मतपरिवर्तनाचा प्रयोग : संदेश लिहिण्याआधी आणि नंतर काय करावे

नाशिकच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र, जनसंज्ञापन किंवा समाजकार्य शिकणारे विद्यार्थी पदव्युत्तर प्रकल्पासाठी अनेकदा 'अमुक संदेशाचा अभिवृत्तीवर होणारा परिणाम' असा विषय घेतात, आणि त्यांतील बरेच प्रकल्प एकाच वळणाने जातात. आधी एक भित्तिपत्रक किंवा पाच मिनिटांची चित्रफीत तयार होते, मग एका वर्गाकडून प्रश्नावली भरून घेतली जाते, चित्रफीत दाखवली जाते, तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली जाते, सरासरी थोडी वाढलेली दिसते आणि 'संदेशामुळे अभिवृत्ती बदलली' असा निष्कर्ष लिहिला जातो. हा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. संदेश न दाखवता तीच प्रश्नावली दोनदा दिली असती तर काय झाले असते, हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय दुसऱ्यांदा तोच कागद हातात आल्यावर आपल्याकडून कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत सर्वांना कळलेले असते.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. संदेश हे या कामाचे पहिले पाऊल नाही. खालील क्रमात तो पाचव्या टप्प्यावर येतो, आणि चार टप्पे नीट झाले असतील तर तो लिहायला फार वेळ लागत नाही. सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे : 'कॉलेज रोड दर शनिवारी संध्याकाळी ५ ते १० या वेळेत वाहनांसाठी बंद ठेवावा.' हा प्रस्ताव पूर्णपणे काल्पनिक असून केवळ या लेखापुरता रचलेला आहे. अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीविषयीचा अनुकूल वा प्रतिकूल कल, आणि अनुनय म्हणजे तो कल संदेशाच्या साहाय्याने हेतुपूर्वक बदलण्याचा प्रयत्न, असे अर्थ येथे धरले आहेत.

टप्पा १ : ज्यावर लोकांचे दुमत आहे असा विषय निवडा

'गोदावरी स्वच्छ राहिली पाहिजे' या विधानाला रामकुंडावर उभे राहून कोणी विरोध करणार नाही. पाच गुणांच्या श्रेणीवर जवळपास सर्वजण आधीच पाचावर असतील, तर संदेश कितीही प्रभावी असला तरी गुण वर सरकायला जागाच उरत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत टाकण्याविषयी विचारले तरी हेच घडते : बोलण्यात सगळे अनुकूल असतात, अडचण वागण्यात असते, आणि वागणूक मोजायची असेल तर तो वेगळा प्रयोग होतो.

दुसऱ्या टोकाला धर्म, जात किंवा पक्षनिष्ठा यांच्याशी जोडलेले विषय असतात. अशी मते वर्षानुवर्षे घट्ट झालेली असतात. एका तासिकेत वाचलेल्या दीड पानाने ती हलत नाहीत, आणि वर्गात वाद मात्र पेटतात. मधला पट्टा शोधावा. विषय ओळखीचा असावा, पण त्यावर लोकांनी अजून पक्के मत बनवलेले नसावे.

विषय ठरला की तो चार बाजूंनी बांधून घ्यावा : कोणती कृती, कोणत्या गोष्टीबाबत, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या काळात. फिशबाइन आणि एझेन यांनी १९७७मध्ये दाखवून दिले की अभिवृत्ती आणि वर्तन या चारही बाजूंनी एकमेकांशी जुळत असतील, तरच त्यांचा संबंध ठळक दिसतो. लपिएर यांनी १९३४मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत फिरताना सुमारे अडीचशे हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला, पण नंतर पत्राने विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुण्यांना घेणार नाही असे कळवले. पत्रातला प्रश्न एका अमूर्त समूहाविषयी होता, दारात मात्र हसतमुख माणसे सामानासह उभी होती. म्हणून 'वाहतुकीविषयीची अभिवृत्ती' असा ढोबळ विषय घेऊ नये. 'कॉलेज रोड शनिवारी संध्याकाळी बंद ठेवण्याविषयीची अभिवृत्ती' एवढा नेमका घ्यावा.

तपासणी : मुख्य प्रयोगात नसणाऱ्या २५ ते ३० विद्यार्थ्यांना प्रस्तावाविषयी एकच सात गुणांचा प्रश्न विचारा. उत्तरे एका टोकाला गोळा झाली असतील तर विषय बदला. ही अर्ध्या तासाची चाचणी टाळल्यामुळे संपूर्ण सत्र वाया गेल्याचे मी पाहिले आहे.

टप्पा २ : मोजपट्टी आधी तयार करा

मार्गदर्शकांनी सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा असे माझे मत आहे, कारण पुढचे सगळे याच्यावर उभे राहते. दोन पद्धती सोप्या आणि खात्रीच्या आहेत. एक म्हणजे लिकर्ट यांनी १९३२मध्ये मांडलेली विधानांची पद्धत, ज्यात प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे सांगायचे असते. दुसरी ऑस्गूड आणि सहकाऱ्यांनी १९५७च्या सुमारास रूढ केलेली विरुद्धार्थी विशेषणांची पद्धत, ज्यात 'हा प्रस्ताव माझ्या दृष्टीने…' असे लिहून खाली वाईट–चांगला, अविचारी–शहाणपणाचा, तोट्याचा–फायद्याचा, नकोसा–हवासा अशा जोड्या सात घरांच्या दोन टोकांना मांडतात. प्रस्ताव नवा असेल तर मी दुसरी पद्धत सुचवतो. चार-पाच जोड्यांत काम होते आणि भाषेचे घोटाळे कमी होतात.

विधानांची पद्धत घेतली तर बारा-पंधरा विधाने लिहून त्यांतील सहा ते आठ ठेवावीत. छाटताना पुढील दोष शोधावेत. 'रस्ता बंद ठेवल्याने प्रदूषण कमी होईल आणि व्यापार वाढेल' यात दोन विधाने आहेत. पहिल्याशी सहमत आणि दुसऱ्याशी असहमत असणाऱ्याने खूण कोठे करायची? 'कॉलेज रोडवर फार गर्दी असते' हे विधान वस्तुस्थिती विचारते, कल नाही. प्रस्तावाचा कट्टर विरोधकही त्याला होकार देईल. 'रस्ता बंद ठेवू नये असे मला वाटत नाही' यासारखे दुहेरी नकार तर मराठीत हमखास घोळ घालतात. उलट अर्थाची विधाने जरूर ठेवावीत, म्हणजे डोळे झाकून 'सहमत'वर खुणा करणारे ओळखू येतात, पण ती नकाराने न रचता विरोधी आशयाने रचावीत : 'या प्रस्तावामुळे माझी गैरसोय होईल' असे लिहावे, 'हा प्रस्ताव सोयीचा नाही असे नाही' असे लिहू नये.

इंग्रजी मोजपट्टी भाषांतरित करायची असल्यास ब्रिस्लिन यांची १९७०पासून रूढ झालेली उलट-भाषांतराची रीत वापरावी. एकाने मराठी करावे, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक तपासावेत. ते झाल्यावरही मराठी रूप मालेगाव किंवा सुरगाणा भागातून आलेल्या दोन विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ते जेथे अडखळतील तेथे वाक्य बदलावे.

तपासणी : सुमारे ३० जणांकडून भरून घेऊन क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे सगळी विधाने परस्परांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढा. उलट विधानांचे गुण आधी उलटवायला विसरू नका; अल्फा ऋण आला तर बहुधा हेच राहून गेलेले असते. किमान ०.७० ही सर्वसाधारण अपेक्षा आहे. त्यापेक्षा कमी आल्यास इतरांशी न जुळणारे विधान शोधून काढा.

टप्पा ३ : किती गट आणि किती माणसे, हे कागदावर ठरवा

आराखडा ठरवताना विद्यार्थ्यांना एकाच प्रयोगात सगळे तपासायचे असते : युक्तिवादाची ताकद, सांगणाऱ्याची विश्वासार्हता, विषयाशी असलेला स्वतःचा संबंध. या तिन्ही गोष्टी एकत्र तपासणारा पेटी, कॅसिओप्पो आणि गोल्डमन यांचा १९८१चा प्रयोग पाठ्यपुस्तकांत असल्यामुळे तोच नमुना समोर ठेवला जातो. त्यात पदवी मिळण्यापूर्वी एक सर्वंकष परीक्षा सक्तीची करावी असा प्रस्ताव विद्यार्थ्यांना ऐकवला होता. ती पुढच्या वर्षीच लागू होणार असे समजलेल्यांवर युक्तिवादाच्या दर्जाचा प्रभाव अधिक पडला. दहा वर्षांनी लागू होणार असे समजलेल्यांवर मात्र तो प्रस्ताव तज्ज्ञांचा आहे की शाळकरी मुलांचा, याचा प्रभाव अधिक पडला. कल्पना सुंदर आहे, पण एका माणसाने दोन महिन्यांत करायचे हे काम नव्हे.

याचे कारण संख्येत आहे. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन हे गुण किती पसरलेले आहेत याचे माप), ८० टक्के शक्यतेने आणि ०.०५च्या सार्थता पातळीवर, म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना तो दिसण्याची शक्यता पाच टक्के धरून, पकडायचा असेल, तर कोहेन यांच्या १९९२च्या कोष्टकानुसार प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. फरक लहान, म्हणजे ०.२ असेल तर प्रत्येक गटात चारशेच्या आसपास. 'हा परिणाम एका परिस्थितीत दिसतो आणि दुसरीत नाहीसा होतो' असे दाखवायचे असेल तर गट चार होतात आणि प्रत्येक गटाची संख्याही जवळपास दुप्पट लागते, म्हणजे एकूण पाचशेच्या वर. तीस-तीसच्या गटांवर असा संयुक्त परिणाम शोधणारे प्रबंध पाहिले की विद्यार्थ्यापेक्षा त्याला मान्यता देणाऱ्यांचाच अधिक राग येतो.

आपल्या उदाहरणासाठी तीन गट पुरे आहेत : एकाला भक्कम युक्तिवादांचा मजकूर, दुसऱ्याला कमकुवत युक्तिवादांचा, आणि तिसऱ्याला, म्हणजे तुलनेसाठीच्या नियंत्रित गटाला, तेवढ्याच लांबीचा पण वेगळ्या विषयावरचा मजकूर. 'प्रस्ताव येत्या जानेवारीपासून लागू व्हावा' हे वाक्य तिन्ही गटांच्या पुस्तिकांत (मजकूर आणि प्रश्न एकत्र असलेल्या) सारखेच ठेवावे, म्हणजे विषयाशी असलेला संबंध सर्वांसाठी समान राहील. एकूण १९२ माणसे लागतील. अर्धवट सोडणारे धरून २२० ठरवावीत.

पूर्वचाचणी, म्हणजे मजकूर देण्याआधीची चाचणी, घ्यावी का? वाटप यादृच्छिक असेल, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडलेले असेल, तर तिची गरज नसते. पूर्वचाचणीच लोकांना विषयाबाबत सावध करते, आणि तो परिणाम वेगळा काढण्यासाठी सॉलोमन यांनी १९४९मध्ये चार गटांचा आराखडा सुचवला होता. पूर्वचाचणी घ्यायचीच असेल तर ती दोन-तीन आठवडे आधी, इतर विषयांच्या प्रश्नांत मिसळून घ्यावी. मधल्या काळात शहरात काय घडते तेही नोंदवावे. नदीविषयीच्या प्रयोगात पहिली आणि दुसरी चाचणी यांच्या दरम्यान गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचे पाणी लागल्याची बातमी आली, तर मते पुराने बदलली की आपल्या मजकुराने, हे नियंत्रित गटाशिवाय कळणार नाही.

सावधान : मुख्य प्रश्न, संख्या, विश्लेषणाची पद्धत आणि कोणाचा कागद बाद धरायचा याचे नियम आताच लिहून, तारीख घालून मार्गदर्शकांना पाठवा. आकडे पाहिल्यावर ठरवलेले नियम नकळत हव्या त्या निकालाकडे झुकतात.

टप्पा ४ : युक्तिवाद जमवा आणि ते तोलून घ्या

'भक्कम' आणि 'कमकुवत' हे संशोधकाने स्वतःच्या मनाने ठरवायचे नसते. वीस-पंचवीस युक्तिवाद लिहावेत, सर्व प्रस्तावाच्याच बाजूचे. हा मुद्दा सारखा चुकतो : कमकुवत मजकूर म्हणजे प्रस्तावाविरुद्धचा मजकूर नव्हे. तोही प्रस्तावाची बाजू घेतो, फक्त वाईट घेतो. 'वृद्ध आणि लहान मुले निर्धास्तपणे चालू शकतील' हा बहुधा भक्कम ठरेल. 'दुसऱ्या शहरांत असे करतात, म्हणून आपणही करावे' हा बहुधा कमकुवत. 'रस्ता मोकळा असला की फोटो छान येतील' हा मात्र विनोद झाला, आणि विनोदामुळे वाचकाला प्रयोगाचा हेतू कळतो.

हे युक्तिवाद ३० वेगळ्या विद्यार्थ्यांकडून पटण्याच्या दृष्टीने १ ते ७ गुण देऊन तोलून घ्यावेत. वरचे पाच आणि खालचे पाच निवडावेत. त्यानंतर दोन्ही कच्चे मजकूर आणखी १५-२० जणांना द्यावेत आणि वाचताना मनात आलेले विचार एकेका ओळीत लिहायला सांगावेत. संदेश किती आठवतो यापेक्षा वाचताना स्वतःच्या मनात कोणते विचार उठतात यावर मतपरिवर्तन अधिक अवलंबून असते, असे ग्रीनवाल्ड यांनी १९६८मध्ये मांडले, आणि विचारांच्या यादीची ही रीत त्या दिशेच्या संशोधनात रुजली.

तपासणी : भक्कम मजकुरावर अनुकूल विचार बहुसंख्य आणि कमकुवत मजकुरावर प्रतिकूल विचार बहुसंख्य असायला हवेत. तसे नसेल तर पुढे जाऊ नका. मुख्य प्रयोगात फरक दिसण्याची शक्यता येथेच संपलेली असते.

टप्पा ५ : आता मजकूर लिहा

दोन्ही मजकुरांची लांबी, परिच्छेदांची संख्या, सुरुवात, शेवट आणि भाषेची पातळी सारखी ठेवा. भक्कम मजकूर ४०० शब्दांचा आणि कमकुवत २५० शब्दांचा असेल, तर फरक लांबीमुळे पडला की आशयामुळे, हे सांगता येणार नाही. सांगणारा दोन्हीकडे एकच ठेवा, आणि त्यासाठी खऱ्या व्यक्तीचे, पदाचे किंवा संस्थेचे नाव वापरू नका. 'केलेच पाहिजे', 'दुसरा पर्यायच नाही' अशी हुकमी भाषा टाळा. आपल्या निवडीवर गदा येते असे वाटले की माणसे मुद्दाम उलट जातात, हे ब्रेम यांनी १९६६मध्ये मांडलेले तत्त्व येथे आपल्याच विरोधात काम करील.

एकाच मजकुरावरून 'भक्कम युक्तिवाद परिणामकारक ठरतात' असे सर्वसाधारण विधान करता येत नाही, कारण परिणाम त्या मजकुराच्या एखाद्या खास वाक्याचाही असू शकतो. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या प्रस्तावांवर मजकूर करावेत. शक्य नसल्यास ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहावी.

टप्पा ६ : परवानगी आणि संमती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. विषय आरोग्याचा नसला तरी तोच आदर्श धरावा. विभागाच्या नैतिकता समितीकडे अर्ज करताना प्रस्ताव काल्पनिक आहे आणि सहभागींना ते नंतर सांगितले जाईल, हे स्पष्ट लिहा. संमतिपत्र मराठीत, एका पानाचे असावे. त्यात पूर्ण हेतू उघड न करताही खरेच लिहिता येते : 'शहरातील एका प्रस्तावाविषयी आपले मत जाणून घ्यायचे आहे.'

सावधान : एकाच आवारात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावी-बारावीचे विद्यार्थी सहज मिसळतात. ते बहुतांशी १८ वर्षांखालील असल्याने पालकांची संमती लागते. दारातच वर्ग विचारून घ्या.

टप्पा ७ : वाटप खरोखर यादृच्छिक करा

'डावीकडच्या रांगांना एक मजकूर, उजवीकडच्यांना दुसरा' हे यादृच्छिक नव्हे. मित्र एकत्र बसतात, मागचे बाक वेगळ्या स्वभावाचे असतात. गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयाला भक्कम मजकूर आणि नाशिक रोडच्या दुसऱ्याला कमकुवत, हे तर त्याहून वाईट, कारण नाशिक रोडच्या विद्यार्थ्याचा शनिवारी कॉलेज रोडशी फारसा संबंधच येत नाही. मी स्वतः एकदा सकाळच्या तुकडीला एक पुस्तिका आणि दुपारच्या तुकडीला दुसरी दिली होती. दुपारची तुकडी नुकतीच अंतर्गत परीक्षा देऊन आलेली होती आणि तिने सगळ्यालाच विरोध केला. तो डेटा टाकून द्यावा लागला.

योग्य रीत सोपी आहे. तिन्ही पुस्तिकांचे मुखपृष्ठ सारखे ठेवा. कोपऱ्यात फक्त अनुक्रमांक असू द्या. एक्सेलमध्ये तीन-तीनच्या संचांत गटांचा क्रम यादृच्छिक लावून घ्या, त्या क्रमाने गठ्ठा रचा, आणि वर्गात वरून एकेक पुस्तिका वाटत जा. प्रत्येक वर्गात तिन्ही गट मिसळले पाहिजेत. वाटणाऱ्याला कोणता क्रमांक कोणत्या गटाचा हे माहीत नसेल तर उत्तम.

टप्पा ८ : प्रत्यक्ष दिवस

पुस्तिकेतील क्रम असा ठेवा : संमती, मजकूर, अभिवृत्तीची मोजपट्टी, विचारांची यादी, मजकूर किती पटण्यासारखा वाटला हा प्रश्न, वय-लिंग-वाहन यांची माहिती, आणि शेवटी 'हा अभ्यास कशाविषयी असावा असे वाटते?' हा मोकळा प्रश्न. पटण्याचा प्रश्न मोजपट्टीच्या आधी ठेवला तर तो तिच्या उत्तरांना वळण देतो. शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. प्रयोगाचा हेतू ओळखून सहभागी त्याला साजेशी उत्तरे देतात, हे ऑर्न यांनी १९६२मध्ये दाखवले होते. किती जणांनी हेतू ओळखला हे त्याच ओळीतून कळते.

परीक्षा, गणेशोत्सव आणि महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन यांच्या आसपासचे दिवस टाळा. वाचायला दहा मिनिटे द्या, मोबाईल पिशवीत ठेवायला सांगा, आणि वर्गाच्या नेहमीच्या प्राध्यापकांना बाहेर थांबण्याची विनंती करा.

परिणाम किती टिकतो हे पाहायचे असेल तर दुसरी भेट ठरवा. हॉव्हलँड आणि वाइस यांच्या १९५१च्या अभ्यासात विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह स्रोतांमुळे लगेच दिसलेला फरक चार आठवड्यांनी जवळपास मिटला होता. त्यामुळे त्याच तासिकेत मोजलेल्या बदलाला 'कायमचे परिवर्तन' म्हणू नये. दोन भेटींचे कागद जुळवण्यासाठी हजेरी क्रमांक घेऊ नका. आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस आणि भावंडांची संख्या असा संकेत पुरतो.

टप्पा ९ : विश्लेषण

येथे एकच चूक सविस्तर सांगण्याजोगी आहे. 'प्रायोगिक गटात पूर्व आणि उत्तर गुणांतील फरक सार्थ आहे, नियंत्रित गटात तो सार्थ नाही, म्हणून संदेश परिणामकारक' हा युक्तिवाद चुकीचा आहे. सार्थतेचे मूल्य (p) एका गटात ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०८ आले, तर दोन गटांत परस्परांत काहीच फरक नसू शकतो. तुलना थेट गटांमध्ये करावी : केवळ उत्तरचाचणी असेल तर प्रसरण विश्लेषण (ANOVA), पूर्वचाचणीही असेल तर पूर्वगुण सहचर धरून सहप्रसरण विश्लेषण (ANCOVA). जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. सार्थतेबरोबर फरकाचा आकार आणि त्याची विश्वास-मर्यादा (confidence interval) लिहा.

मजकूर पटला नाही असे सांगणाऱ्यांचे कागद नंतर वगळू नका. त्यांना वगळले की यादृच्छिक वाटपाचा फायदा निघून जातो. हेतू ओळखणाऱ्यांना धरून आणि सोडून, असे दोन्ही निकाल द्या. फरक सापडला नाही तर 'परिणाम नाही' असे न लिहिता 'या संख्येत या आकाराचा परिणाम आढळला नाही' असे लिहा.

टप्पा १० : खुलासा, त्याच दिवशी

सर्व पुस्तिका मोजून परत घ्या. २२० दिल्या असतील तर २२०च परत आल्या पाहिजेत. एक जरी पान बाहेर राहिले तरी संध्याकाळपर्यंत 'जानेवारीपासून कॉलेज रोड बंद' असा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात फिरू शकतो. दोन भेटींचा आराखडा असला तरी प्रस्ताव काल्पनिक आहे एवढे पहिल्याच दिवशी सांगावे, आणि युक्तिवाद मुद्दाम दोन दर्जांचे केले होते हे दुसऱ्या भेटीनंतर सांगितले तरी चालते. मात्र समितीकडच्या अर्जात हा क्रम आधी लिहिलेला असावा. खुलाशाचा कागद प्रत्येकाच्या हातात द्या, पुढच्या तुकडीचे काम होईपर्यंत त्याविषयी न बोलण्याची विनंती करा, आणि आपला कागद मागे घ्यायचा असल्यास अनुक्रमांक कोणाला कळवायचा हे त्यावर छापा.